दुभत्या शेळीच्या खुराकातील वनस्पती तेल आणि दुधाचे फॅट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुभत्या शेळीला तेल द्यावे की नाही, यावर गावोगावी दोन टोकांची मते ऐकू येतात. तेलाने दूध घट्ट होते असे एक जण सांगतो, तर दुसरा तेलाने फॅट पडते असे सांगतो, कारण त्याच्या गाईचे पडलेले असते. दोघांनी पाहिलेले खरे असू शकते. अडचण एवढीच की गाईचा अनुभव शेळीला आणि पोटफुगीवर पाजायच्या तेलाचे माप रोजच्या खुराकाला लावले जाते. शेळीपालक नेहमी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

तेल दिल्याने शेळीच्या दुधाचे फॅट खरोखर वाढते का?

बहुतेक वेळा वाढते. फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेतील यीव्ह शिलियार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली शेळीच्या दुधातील स्निग्धांशावरील प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. खुराकात तेल, तेलबिया किंवा अन्य स्निग्ध पदार्थ घातल्यावर शेळीच्या दुधाचे फॅट जवळजवळ नेहमीच वाढते, आणि दुधाचे प्रमाण मात्र फारसे बदलत नाही, असे त्यातून दिसले. गाईत याच पदार्थांचा परिणाम कधी वाढीचा, कधी घसरणीचा असतो. तरीही 'जवळजवळ नेहमीच' या शब्दांकडे लक्ष द्यावे, कारण ज्या परिस्थितीत वाढ होत नाही ती आपल्याकडच्या गोठ्यांत पुष्कळदा आढळते. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

दुधातले फॅट मुळात येते कुठून?

दोन ठिकाणांहून येते, आणि हे समजले की बाकीचे प्रश्न निम्म्याने सोपे होतात.

पहिले ठिकाण म्हणजे खुद्द कास. शेळी कडबा, झाडपाला, गवत खाते. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोटीपोटात, जीवाणू त्यातील तंतुमय भाग आंबवतात आणि त्यातून ॲसिटिक आम्ल व ब्युटिरिक आम्ल तयार होते. हे रक्तावाटे कासेपर्यंत पोचते आणि कासेतील पेशी त्यापासून आखूड व मध्यम साखळीची मेदाम्ले, म्हणजे फॅटचे घटक, रचतात. इंग्लंडमध्ये पोप्याक, फ्रेंच आणि फॉली या तीन शास्त्रज्ञांनी १९५१ साली हे दाखवले ते एका दुभत्या शेळीवरच. त्यांनी किरणोत्सर्गी कार्बन असलेले ॲसिटेट तिला टोचले आणि तोच कार्बन तिच्या दुधाच्या फॅटमध्ये सापडला. आखूड साखळीच्या तीन मेदाम्लांना कॅप्रोइक, कॅप्रिलिक व कॅप्रिक अशी नावे आहेत, आणि लॅटिनमध्ये शेळीला 'काप्रा' म्हणतात. गाईच्या दुधापेक्षा शेळीच्या दुधात या तिघांचे, विशेषतः कॅप्रिकचे, प्रमाण बरेच जास्त असते.

दुसरे ठिकाण म्हणजे रक्तातून तयार येणारी लांब साखळीची मेदाम्ले. ती एक तर खुराकातील तेलातून आलेली असतात किंवा शेळीच्या अंगावरची चरबी वितळून आलेली असतात. व्याल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत शेळी खाते त्यापेक्षा जास्त दुधातून देते, म्हणून त्या काळात अंगावरच्या चरबीचा वाटा मोठा असतो.

तेल दिले की दुसरा वाटा वाढतो. मात्र तेल जास्त झाले किंवा चारा कमी पडला, तर पहिला वाटा घटतो. अंतिम फॅट ही या दोन्हींची बेरीज असते.

गाईला तेल दिले की फॅट घसरते, मग शेळीचे का घसरत नाही?

वनस्पती तेलात असंपृक्त मेदाम्ले भरपूर असतात आणि ती कोटीपोटातील जीवाणूंना सोसत नाहीत. म्हणून जीवाणू त्यांना हायड्रोजन जोडून हळूहळू संपृक्त करतात. करडई किंवा सूर्यफुलाच्या तेलातील लिनोलिक आम्ल अशा तीन-चार पायऱ्या उतरत शेवटी स्टिअरिक आम्ल होते. कोटीपोटाची तब्येत चांगली असेल तर हा प्रवास एका ठरलेल्या वाटेने होतो. धान्य जास्त आणि चारा कमी असला की पोटातील आम्लता वाढते, जीवाणूंचे पारडे बदलते आणि प्रवास दुसऱ्या वाटेला लागतो. त्या वाटेवर संयुग्मित लिनोलिक आम्लाचा जो एक प्रकार तयार होतो, तो कासेत फॅट रचण्याचे कामच मंदावतो. गाईमध्ये याचा परिणाम फार तीव्र असतो. दिवसाला काही ग्रॅम इतका तो पदार्थ कासेपर्यंत पोचला तरी फॅट लक्षणीय पडते.

शेळीबाबत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक तर तिच्या कोटीपोटातील प्रवास त्या आडवाटेला सहज लागत नाही. दुसरे म्हणजे, तो पदार्थ तयार झाला तरी तिची कास त्याला गाईइतकी बिचकत नाही. पण शेळी त्याला अजिबात दाद देत नाही, असे समजू नये. हा पदार्थ संरक्षित रूपात खाऊ घातल्यावर शेळीचेही फॅट उतरल्याचे प्रयोगांत दिसले आहे. माशाचे तेल व सागरी शैवालाची पावडर यांनीही शेळीचे फॅट घसरते. म्हणून 'शेळीला कोणतेही तेल चालते' हा निष्कर्ष चुकीचा ठरेल.

फॅट किती वाढते आणि त्यासाठी किती तेल जाते?

या प्रश्नाचे उत्तर टक्क्यांत देण्याची सवय आहे, पण ते ग्रॅममध्ये द्यायला हवे. समजा, एक संगमनेरी किंवा संकरित शेळी दिवसाला दीड किलो दूध देते आणि फॅट ३.६ टक्के आहे. म्हणजे ती रोज ५४ ग्रॅम स्निग्धांश देते. तेल सुरू केल्यावर फॅट ४.० झाले, तर तोच आकडा ६० ग्रॅम होईल. वाढ झाली ६ ग्रॅमची, आणि त्यासाठी आपण रोज साधारण ४५ ते ५० ग्रॅम तेल घातले.

उरलेले तेल वाया जात नाही. त्यातील काही दुधात जाते, पण तिथे ते कासेने रचलेल्या मेदाम्लांची जागा घेते, त्यामुळे एकूण आकड्यात दिसत नाही. काही भाग शेळीची ऊर्जेची गरज भागवतो आणि तिच्या अंगावर राहतो. तरीसुद्धा केवळ फॅटचा आकडा वाढवण्यासाठी खाद्यतेल विकत आणून घालणे हा धंद्याचा विचार वाटत नाही. तेल मुख्यतः ऊर्जेसाठी द्यावे. फॅट वाढले, तर तो वरचा लाभ मानावा.

रोज किती तेल द्यावे?

हिशेब शुष्क पदार्थावर करतात. चारा व खुराक यांतील पाणी वगळले की उरतो तो शुष्क पदार्थ. दुभती शेळी वजनाच्या साधारण ४ टक्के शुष्क पदार्थ खाते असे धरू. ४० किलोची शेळी म्हणजे १.६ किलो. नेहमीच्या चाऱ्यात व भरड्यात मुळातच अडीच-तीन टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे ४० ते ४८ ग्रॅम. त्यात शुष्क पदार्थाच्या ३ टक्के, म्हणजे ४८ ग्रॅम तेल मिसळले, तर एकूण साडेपाच-सहा टक्के होतात. यापुढे सहसा जाऊ नये. ४८ ग्रॅम तेल म्हणजे साधारण ५२ मिलिलिटर, कारण तेल पाण्यापेक्षा हलके असते. खोकल्याच्या औषधाबरोबर १० मिलिलिटरचे झाकण मिळते, त्याची पाच झाकणे. हे माप दोन वेळच्या आंबोणात, म्हणजे भरडा-कोंड्याच्या खुराकात, विभागून द्यावे आणि पूर्ण मापापर्यंत पोचायला दहा ते पंधरा दिवस घ्यावेत. पहिले तीन-चार दिवस रोज एकच झाकण पुरे.

मर्यादा ओलांडली तर काय होते?

सर्वांत आधी खाणे कमी होते. असंपृक्त तेल चाऱ्याच्या तंतूंवर पसरते आणि तंतू पचवणाऱ्या जीवाणूंना मारक ठरते. चारा पचला नाही की ॲसिटिक आम्ल कमी, आणि ते कमी झाले की कासेने रचायचे फॅटही कमी. त्यामुळे हात सैल सोडून तेल ओतणाऱ्याच्या शेळीचे फॅट घसरते आणि मग दोष तेलाला जातो.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. सकाळी गोठा झाडताना लेंड्या पाहाव्यात. सुट्या, चकचकीत, बोटात दाबल्यावर जरा कडक लागणाऱ्या लेंड्या म्हणजे सर्व ठीक. त्या एकमेकींना चिकटून गोळा होऊ लागल्या, मऊ पडल्या किंवा त्यांत चाऱ्याचे लांब न पचलेले तुकडे दिसू लागले, तर माप निम्मे करावे. दुपारी सावलीत बसलेल्या शेळ्यांपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करत नसतील, तर तीही सूचनाच समजावी.

तेल पाजायचे की मिसळायचे?

मिसळायचेच. पोटफुगीवर गोडे तेल पाजण्याचा घरगुती उपाय सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यामुळे रोजचे तेलही बाटलीने पाजण्याकडे कल असतो. तेलाची अडचण अशी की ते घशात खवखवत नाही, त्यामुळे श्वासनलिकेत उतरले तरी शेळीला वेळीच ठसका लागत नाही. फुप्फुसात गेलेल्या तेलाने होणारा न्यूमोनिया बरा होणे कठीण असते. शिवाय एकदम पोटात गेलेले तेल जीवाणूंवर एकदम आदळते.

मिसळण्याची रीत साधी आहे. घमेल्यात मक्याचा भरडा व गव्हाचा कोंडा घ्यावा, मधोमध खळगा करून त्यात तेल सोडावे आणि पीठ मळताना मोहन चोळतो तसे दोन्ही तळव्यांत चोळून घ्यावे. मूठ दाबल्यावर मुटका व्हावा आणि बोटाने टोचल्यावर तो फुटावा, पण तळव्यावर तेलाचा ओघळ दिसू नये. कोंडा तेल चांगले धरतो, नुसता मका धरत नाही. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस पोत्यात राहिलेल्या तेलकट भरड्याला खवट वास येतो, आणि शेळी वासाच्या बाबतीत माणसापेक्षा चोखंदळ असते.

कोणते तेल चांगले? आमच्याकडे करडई आहे, शेजारी सरकीचे तेल घालतो.

फॅटच्या आकड्यापुरते पाहिले तर यात फार मोठा फरक नाही. फरक पडतो तो फॅटच्या जातीत.

करडईचे तेल लिनोलिक आम्लाने भरलेले असते. नेहमीच्या वाणांत त्याचे प्रमाण सुमारे ७५ टक्के असते. सूर्यफूल, सोयाबीन व सरकी त्याच गटातील, पण थोडी खाली. या तेलांनी दुधातील कॅप्रिकपासून पामिटिकपर्यंतची मेदाम्ले घटतात, स्टिअरिक व ओलिक वाढतात आणि त्यांबरोबर संयुग्मित लिनोलिक आम्लाचा जो चांगला मानला जाणारा प्रकार आहे, तोही वाढतो. हा प्रकार आधी सांगितलेल्या फॅट पाडणाऱ्या प्रकाराहून वेगळा आहे. (फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडई आणि शेळ्या-मेंढ्या या दोन्हींवर अनेक वर्षे काम केले आहे. करडईच्या पट्ट्यातच शेळी आहे, हा योगायोग आपल्या शेळीपालकांनी अधिक वापरायला हवा.)

जवसाची बाब थोडी वेगळी आहे. विदर्भात जवस पिकतो आणि त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलेनिक आम्ल असते, म्हणून 'ओमेगा-तीनयुक्त दूध' मिळेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात कोटीपोटातील जीवाणू त्यातील बहुतेक सारे संपृक्त करून टाकतात आणि दुधात पोचणारा वाटा अगदी लहान राहतो. तो काही प्रमाणात वाढतो हे खरे, पण त्या वाढीवर दुधाचा भाव दुप्पट लावणे प्रामाणिक ठरणार नाही.

शेंगदाणा तेलात ओलिक आम्ल जास्त असल्याने ते जीवाणूंना तुलनेने सौम्य पडते, पण खाण्याचे महाग तेल शेळीला घालण्याचे कारण दिसत नाही. कोकणात व गोव्यात खोबरेल हाताशी असते, तिथे मात्र सावध राहावे. खोबरेल संपृक्त असले तरी त्यातील लॉरिक आम्ल कोटीपोटातील सूक्ष्मजीवांना चांगलेच मारक असते, आणि जास्त झाले तर शेळी खाणे सोडते. खोबऱ्याची पेंड माफक प्रमाणात देणे हा तिथला शहाणा मार्ग आहे. पामतेलात पामिटिक आम्ल सुमारे ४४ टक्के असते. ते जीवाणूंना फारसे त्रास देत नाही, पण दुधाचे फॅट अधिक संपृक्त करते.

तेलाऐवजी सरकी, तेलबिया किंवा पेंड दिली तर?

माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक गोठ्यांसाठी हाच योग्य मार्ग आहे. बियांमधील तेल पेशींत बंद असते, चावताना आणि रवंथ करताना ते हळूहळू सुटते आणि जीवाणूंना सावरायला वेळ मिळतो. खानदेश-विदर्भात मिळणाऱ्या अख्ख्या सरकीत १८ ते २० टक्के तेल असते, शिवाय तिच्यावरचे तंतू चाऱ्याचेही काम करतात. १.६ किलो शुष्क पदार्थ खाणाऱ्या शेळीला २०० ग्रॅमपर्यंत सरकी दिली, तर त्यातून ३६ ते ४० ग्रॅम तेल मिळते. यासोबत वेगळे तेल घालू नये. सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते, ते मोठ्या शेळीच्या कोटीपोटात बऱ्यापैकी निष्प्रभ होते. करडांचे कोटीपोट तयार झालेले नसते, म्हणून लहान करडांना सरकी देऊ नये.

पेंडीबाबत एक गोष्ट दुकानात विचारून घ्यावी. घाण्याची किंवा एक्स्पेलरची पेंड असेल तर तिच्यात साधारण ६ ते ८ टक्के तेल शिल्लक असते. सॉल्व्हंटने तेल काढलेल्या पेंडीत ते १ टक्क्याच्या आसपास उरते. 'पेंड बदलली आणि फॅट बदलले' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

शेंगदाणा किंवा सरकीची पेंड ओलसर जागी ठेवली की बुरशी येते आणि त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष दुधात उतरते. भारतातील अन्नसुरक्षा नियमांनुसार दुधात त्याची कमाल मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पोती भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नयेत, खाली फळ्या घालाव्यात. बुरशीचा वास आलेली पेंड उन्हात वाळवून वापरल्याने विष जात नाही.

बायपास फॅट म्हणजे काय? ते तेलापेक्षा चांगले का?

पामतेलातील मेदाम्लांची कॅल्शियमशी जोडी लावून केलेला हा दाणेदार पदार्थ आहे. कोटीपोटात तो फारसा विरघळत नाही, पुढच्या आम्लधर्मी कप्प्यात विरघळतो, म्हणून जीवाणूंना त्रास कमी होतो. नुकत्याच व्यालेल्या, दोन लिटरच्या वर दूध देणाऱ्या आणि बरगड्या दिसू लागलेल्या शेळीला त्याचा उपयोग होतो. अर्धा लिटर दूध देणाऱ्या शेळीवर हा खर्च करू नये. त्याची चव साबणासारखी लागते, म्हणून काही शेळ्या पहिले आठ दिवस तोंड लावत नाहीत.

तेल देऊनही फॅट वाढले नाही, उलट घसरले. काय चुकले असेल?

आधी चारा पाहावा. ज्या गोठ्यात शेळ्या बांधून ठेवल्या आहेत, सकाळ-संध्याकाळ मक्याचा भरडा भरपूर आहे आणि कडबा मात्र नावापुरता, तिथे फॅट आधीच दबलेले असते. त्यावर तेल घातले की दुखणे वाढते. फ्रान्समध्ये सानेन आणि अल्पाइन जातींच्या मोठ्या कळपांतही दुधातील फॅट प्रथिनांपेक्षा खाली जाण्याची अडचण ओळखीची आहे आणि तिचा संबंध मुख्यतः खुराकातील तंतूंच्या कमतरतेशी जोडला जातो. तिथे फॅट दोन-तीन महिने खाली राहिले की पहिला प्रश्न गवताविषयी विचारला जातो.

आपल्याकडे उपाय म्हणजे सुकी वैरण आधी आणि आंबोण नंतर. एकूण शुष्क पदार्थात निम्म्याहून अधिक वाटा चाऱ्याचा ठेवावा. त्यात ज्वारीचा कडबा, हरभऱ्याचे काड, तुरीचे भुसकट असावे आणि जोडीला सुबाभूळ, शेवरी किंवा हादग्याचा पाला. कुट्टी करताना ती अगदी बारीक करू नये, एक-दीड इंचाचे तुकडे ठेवावेत. कडबा पीठ होईपर्यंत दळला, तर तो चारा म्हणून मोजू नये.

दुसरे कारण दुधाच्या चढउताराचे असते. व्याल्यानंतर फॅट जास्त असते, दूध चढत जाते तसे ते उतरते आणि दूध आटू लागले की पुन्हा वाढते. दुसऱ्या महिन्यात तेल सुरू करून फॅट घसरले म्हणून तेलाला दोष देणे आणि सहाव्या महिन्यात सुरू करून वाढले म्हणून त्याचे कौतुक करणे, दोन्ही सारखेच चुकीचे. कळपातील सारख्याच सुमारास व्यालेल्या चार शेळ्यांना तेल द्यावे, चारांना देऊ नये आणि मग तुलना करावी.

फॅट तपासण्यासाठी नमुना कसा घ्यावा?

सुरुवातीच्या धारांत फॅट कमी आणि शेवटच्या धारांत, म्हणजे निपटून काढलेल्या दुधात, ते कितीतरी जास्त असते. मी स्वतः एकदा घाईत पहिल्या धारांचा नमुना बाटलीत भरून पाठवला होता आणि आलेला आकडा पाहून आठवडाभर खुराक बदलत बसलो होतो. कास पूर्ण रिकामी करावी, सारे दूध एका भांड्यात घेऊन वरखाली तीन-चार वेळा ओतावे आणि मग नमुना भरावा. सकाळ व संध्याकाळचे दूध वेगवेगळे मोजावे किंवा दुधाच्या प्रमाणात एकत्र करावे. एका दिवसाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये, लागोपाठ तीन दिवसांची सरासरी घ्यावी.

गर्बर पद्धतीत १० मिलिलिटर गंधकाम्ल, १०.७५ मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल नळीत घेऊन ती यंत्रात फिरवतात. ही पद्धत शेळीच्या दुधालाही चालते, मात्र आम्लाचे काम सवय असलेल्यानेच करावे. संकलन केंद्रावरचे इलेक्ट्रॉनिक यंत्र गाय व म्हशीच्या दुधासाठी जुळवलेले असेल, तर शेळीच्या दुधाचा आकडा चुकू शकतो. त्यात शेळीची सोय आहे का, हे विचारून घ्यावे. लॅक्टोमीटर दुधाची घनता मोजतो, त्याने फॅट कळत नाही. फॅट वाढले की दूध उलट हलके होते आणि लॅक्टोमीटरचा आकडा किंचित खाली येतो. त्यावरून पाणी घातल्याचा आरोप झाल्याचीही उदाहरणे आहेत.

तेल दिल्यावर दुधावर साय जास्त धरेल का?

फारसा फरक दिसणार नाही. शेळीच्या दुधातील स्निग्ध गोळे बारीक असतात आणि त्यांना एकत्र गुंफणारे प्रथिन गाईच्या दुधासारखे काम करत नाही. म्हणून फॅट चार टक्के असले तरी साय म्हशीच्या दुधाप्रमाणे जाड येत नाही. सायीवरून शेळीच्या दुधाचे फॅट ठरवू नये. तूप किंवा चीज करणाऱ्यांना मात्र दुसरा फरक जाणवेल. तेलावर ठेवलेल्या शेळ्यांचे लोणी मऊ असते आणि लवकर वितळते. असंपृक्त मेदाम्ले वाढल्याने त्याला हवेने खवटपणा येण्याचा धोकाही थोडा वाढतो. अशा वेळी खुराकात हिरवा चारा असावा, कारण त्यातील ई जीवनसत्त्व या बिघाडाला आळा घालते.

दुधाचा शेळकट वास तेलाने कमी होतो की वाढतो?

साधारणपणे कमी होतो. हा वास आखूड साखळीची मेदाम्ले फॅटपासून सुटी झाली की येतो. तेल दिल्यावर कॅप्रिलिक-कॅप्रिकचे प्रमाण घटते आणि दुधात आपोआप होणारे फॅटचे विघटनही मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. फ्रान्समध्ये हा तोटा समजला जाऊ शकतो, कारण तिथल्या शेळीच्या चीजला तीच चव हवी असते. आपल्याकडे चहात शेळीचे दूध न चालणाऱ्यांना हा फायदा वाटेल. तथापि धार काढण्याच्या जागी माजावरचा बोकड बांधलेला असेल आणि दूध उघड्या भांड्यात तासभर राहत असेल, तर कोणतेही तेल उपयोगी पडणार नाही.

दूध किंवा प्रथिने कमी होतात का?

मर्यादेत दिलेल्या तेलाने शेळीत असे सहसा होत नाही. गाईत प्रथिने किंचित घटतात. शेळीत हा परिणाम नगण्य आहे.

किती दिवसांत फरक दिसतो आणि तेल थांबवले तर काय होते?

मेदाम्लांचा बदल तीन-चार दिवसांत सुरू होतो, पण तो स्थिरावायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून तिसऱ्या आठवड्याच्या आधी तपासणीवर पैसे घालवू नयेत. तेल थांबवल्यावर दूध साधारण तेवढ्याच काळात पूर्वपदावर येते. त्याचा साठा कासेत राहत नाही.

उन्हाळ्यात तेल दिले तर उष्णता वाढेल ना?

तेल 'गरम' असते हा समज पक्का आहे, पण पचनाच्या हिशेबात गोष्ट उलटी आहे. चारा आंबताना पोटात बरीच उष्णता निर्माण होते, तेल वापरले जाताना ती कमी होते. तेल धान्याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा देते. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये शेळ्या खाणे कमी करतात, तेव्हा थोड्या खाण्यात जास्त ऊर्जा देण्याचा हा उपयोग खरा आहे. तेल मात्र पहाटे आणि सूर्यास्तानंतरच्या आंबोणातच द्यावे, कारण दुपारच्या उन्हात शेळी भरड्याला तोंड लावत नाही.

माझी उस्मानाबादी दिवसाला अर्धा-पाऊण लिटर दूध देते. तिला तेल सुरू करू का?

नको. तिचे दूध करडांना आणि घरच्या चहाला लागते, फॅटवर भाव मिळत नाही आणि जुळी करडे असतील तर दुधाचा थेंबही उरत नाही. तेलाचे पैसे वाचवून व्याण्याआधीचे शेवटचे सहा आठवडे आणि नंतरचे सहा आठवडे तिला मूठभर सरकी किंवा घाण्याची पेंड आणि खनिज मिश्रण द्यावे, आणि रात्री पुढ्यात सुका पाला असू द्यावा. ज्यांच्याकडे दीड-दोन लिटर देणाऱ्या शेळ्या आहेत आणि दूध थेट गिऱ्हाइकाला किंवा चीज करणाऱ्याला जाते, त्यांनी वरचा हिशेब कागदावर मांडून मग तेलाचा डबा उघडावा.

हॉटेलातले वापरलेले तेल स्वस्तात मिळते. ते चालेल का?

चालणार नाही. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातील बिघडलेली द्रव्ये शेळीचे खाणे कमी करतात आणि ई जीवनसत्त्व नष्ट करतात. त्यात तळलेल्या पदार्थांचे मीठ, मसाला आणि मांसाचा अंश असतो, तो वेगळाच. तळाशी काळा गाळ दिसणारे तेल बैलगाडीच्या चाकाला लावावे.